बाहुली कोणाची परीक्षा घेते?

किरी डेव्हिस या न्यूयॉर्कमधील शाळकरी मुलीने २००५ साली केलेला 'अ गर्ल लाइक मी' हा लघुपट आपल्याकडील साहित्याच्या चर्चासत्रांतून आणि उजळणी वर्गांतून अधूनमधून दाखवला जातो. लांबी अवघी सात मिनिटे. त्यामुळे चहापूर्वीच्या सत्रात तो सहज बसतो. पडदा काळा होतो, दिवे लागतात, कोणीतरी ज्येष्ठ प्राध्यापक 'न्यूनगंड' हा शब्द उच्चारतात, आणखी कोणी 'अंतर्मुख करणारे' असे विशेषण बहाल करतात आणि चर्चा संपते. आमचा आक्षेप या हळहळीला आहे. ती खोटी आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ती फार स्वस्त आहे आणि ज्या गोष्टीविषयी ती व्यक्त होते, त्या गोष्टीचे वाचनच तिने चुकवले आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम लघुपटात काय आहे ते पाहू. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात डेव्हिसच्या वयाच्या कृष्णवर्णीय मुली कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. केस सरळ करावेत की जसे आहेत तसे ठेवावेत, नैसर्गिक केस ठेवले की घरातलीच माणसे काय म्हणतात, त्वचा उजळवण्यासाठी काय काय लावले जाते, आपले पूर्वज आफ्रिकेतील नेमक्या कोणत्या प्रदेशातून आणले गेले हे ठाऊक नसणे म्हणजे काय, या विषयी त्या बोलतात. दुसऱ्या भागात डेव्हिस हार्लेममधील एका बालसंगोपन केंद्रात जाते. तेथील २१ लहान मुलांसमोर एक गोरी आणि एक काळी अशा, रंगाखेरीज सारख्याच असणाऱ्या, दोन बाहुल्या ठेवते आणि प्रश्न विचारते. चांगली बाहुली कोणती? वाईट कोणती? २१ पैकी १५ मुले गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवतात. मग शेवटचा प्रश्न येतो: तुझ्यासारखी दिसणारी बाहुली मला दे. एका चिमुरडीचा हात क्षणभर घुटमळतो आणि काळी बाहुली पुढे सरकवली जाते.

चर्चासत्रांत लक्षात राहतो तो हा हात. पहिला भाग जणू प्रस्तावना असल्यासारखा विसरला जातो. ही विस्मृती सहज घडलेली नाही. पहिल्या भागातील मुली विश्लेषण करतात. दुसऱ्या भागातील मुले फक्त बोट दाखवतात. विश्लेषण करणाऱ्याशी वाद घालावा लागतो, त्याचे म्हणणे खोडावे किंवा मान्य करावे लागते. बोट दाखवणाऱ्या मुलाची कणव करता येते. आपण कणवेची बाजू निवडतो, कारण तिच्यात आपल्याला उत्तर द्यावे लागत नाही. वस्तुतः डेव्हिसची खरी कामगिरी या दोन भागांच्या क्रमात आहे. आधी जाणत्या मुलींची साक्ष आणि मग अजाण मुलांची परीक्षा, असा क्रम लावल्यामुळे प्रेक्षकाला त्या लहान मुलांकडे निव्वळ बळी म्हणून पाहता येऊ नये, अशी व्यवस्था तिने केली आहे. हीच मुले दहा-बारा वर्षांनी कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःच्या हाताचा अर्थ सांगू शकतील, हे तिने आधीच दाखवून ठेवले आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला जे संकलनाच्या टेबलावर कळले, ते साहित्याच्या अभ्यासकांना सभागृहात कळू नये, याला काय म्हणावे?

डेव्हिसची परीक्षा तिने शोधलेली नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण मूळ प्रयोगाचे काय झाले हे फारसे सांगितले जात नाही. केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बाहुल्यांची ही परीक्षा घेतली. तिचे बीज मेमी क्लार्क यांच्या हॉवर्ड विद्यापीठातील प्रबंधात होते, ही गोष्ट पतीच्या नावाआड झाकली जाते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन ते सात वर्षे वयाची २५३ कृष्णवर्णीय मुले होती. त्यांपैकी १३४ मुले दक्षिणेतील वेगळ्या शाळांत शिकणारी आणि ११९ मुले उत्तरेतील मिश्र शाळांत शिकणारी. सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली निवडली. ५९ टक्के मुलांनी 'वाईट दिसणारी' म्हणून काळ्या बाहुलीकडे बोट दाखवले. आपल्यासारखी दिसणारी बाहुली कोणती, या प्रश्नावर ६६ टक्के मुलांनी काळी बाहुली दिली. काही मुले या शेवटच्या प्रश्नाला रडू लागली.

हे आकडे नीट वाचले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, वाढत्या वयाबरोबर, म्हणजे चार वर्षांपासून सात वर्षांपर्यंत, काळी बाहुली निवडणाऱ्यांचे प्रमाण वाढत जाते. दुसरी अधिक अडचणीची आहे. गोऱ्या बाहुलीची ओढ दक्षिणेतील वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा उत्तरेतील मिश्र शाळांतल्या मुलांत काहीशी जास्त होती. वेगळ्या शाळेमुळे मुलांचे मन दुखावते, हे सिद्ध करण्यासाठी जो प्रयोग न्यायालयापुढे नेला गेला, त्याचेच आकडे इतके सरळ नव्हते. दक्षिण कॅरोलिना राज्याच्या बाजूने उभे राहिलेले वकील जॉन डेव्हिस यांनी १९५२ सालच्या युक्तिवादात या विसंगतीची खिल्ली उडवली. त्यांचा हेतू अर्थातच शाळा वेगळ्याच ठेवाव्यात हा होता. पण विरोधकाचा हेतू वाईट असला म्हणून आकडा बदलत नाही.

मे १९५४ मध्ये 'ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालपत्राच्या प्रसिद्ध अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आला. हा निकाल विसाव्या शतकातील महत्त्वाच्या घटनांपैकी एक आहे आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र त्याची भाषा तपासून पाहावी. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी वेगळेपणामुळे कृष्णवर्णीय मुलांच्या मनात उत्पन्न होणाऱ्या हीनत्वाच्या भावनेवर भर दिला. गोऱ्यांच्या वेगळ्या शाळेत बसणाऱ्या गोऱ्या मुलाच्या मनात काय उत्पन्न होते, याविषयी निकालपत्रात काही नाही. वास्तविक केनेथ क्लार्क स्वतः या प्रश्नाविषयी बोलत होते. पूर्वग्रहाने गोऱ्या मुलाचेही मन बिघडते, हा विषय त्यांनी १९५५ सालच्या आपल्या पुस्तकात मांडला. न्यायालयाने घेतला तो अर्धा भाग: ज्यात काळे मूल रुग्ण ठरते आणि गोरी शाळा औषध.

या निदानाचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. रोग काळ्या शाळेत आहे असे ठरल्यावर एकत्रीकरणाच्या नावाखाली दक्षिणेत काळ्यांच्या शाळा बंद करण्यात आल्या आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीला मुकले. गोऱ्या शाळा, त्यांचे अभ्यासक्रम आणि त्यांचे शिक्षक बहुतांशी होते तसेच राहिले. मुलांना ज्यांच्यापासून दूर ठेवणे गुन्हा ठरला होता त्यांच्यात नेऊन बसवले गेले आणि जे शिक्षक त्या मुलांना स्वतःसारखे दिसत होते ते घरी गेले. इतिहासकार डॅरिल मायकेल स्कॉट यांनी १९९७ सालच्या 'कन्टेम्प्ट अँड पिटी' या ग्रंथात दाखवले आहे की, कृष्णवर्णीयांचे मन मोडलेले आहे ही प्रतिमा त्यांच्या शत्रूंनी वापरली आणि मित्रांनीही वापरली. शत्रूंनी तिरस्कारासाठी, मित्रांनी करुणेसाठी. प्रतिमा तीच राहिली. ग्रंथाच्या नावातील हे दोन शब्द आमच्या चर्चासत्रांच्या भिंतीवर लिहावेत असे आम्हांस वाटते.

'न्यूनगंड' या शब्दाला आमचा विरोध आहे तो याच कारणाने. हा शब्द दोष मुलाच्या आत नेऊन ठेवतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम क्रॉस यांनी १९९१ सालच्या 'शेड्स ऑफ ब्लॅक' या पुस्तकात एक साधा भेद केला: समूहाविषयीची पसंती ही एक गोष्ट आहे आणि स्वतःविषयीचा आदर ही दुसरी. पहिल्या गोष्टीची परीक्षा घेऊन दुसऱ्या गोष्टीविषयी निष्कर्ष काढता येत नाही. पुढील संशोधनात कृष्णवर्णीय अमेरिकनांचा आत्मादर गोऱ्यांपेक्षा कमी असल्याचे आढळत नाही. अनेक पाहण्यांत तो अधिकच आढळतो. मग त्या केंद्रातील १५ मुलांनी काय केले? आमच्या मते त्यांनी एका प्रश्नाचे अचूक उत्तर दिले. 'चांगली कोणती' असे मोठ्या माणसाने विचारले की मूल स्वतःची आवड सांगत नाही. 'लोक कोणाला चांगले म्हणतात' हे सांगते. दूरचित्रवाणी, चित्रांची पुस्तके, खेळण्यांचे दुकान, देवदूतांची चित्रे, एवढा सगळा अभ्यासक्रम त्याने चार वर्षांत पाठ केलेला असतो. त्याचे बोट गोऱ्या बाहुलीकडे जाते तेव्हा ते मूल परीक्षेत उत्तीर्ण झालेले असते. अनुत्तीर्ण होतो तो अभ्यासक्रम.

टोनी मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' ही १९७० सालची कादंबरी आपल्याकडे तुलनात्मक साहित्याच्या निमित्ताने शिकवली जाते. तिच्याबाबतीतही हेच घडते. निळे डोळे मागणारी पिकोला प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते. पण ख्रिसमसला भेट मिळालेली गोरी बाहुली मोडून तिच्यात एवढे प्रेम करण्यासारखे काय आहे ते शोधू पाहणारी क्लॉडिया क्वचितच कोणाला आठवते. क्लॉडिया ही त्या कादंबरीतली टीकाकार आहे. आपण टीकाकाराला वगळून बळीला वाचतो. मॉरिसन यांनी १९९३ सालच्या उत्तरलेखात याविषयी असमाधान व्यक्त केले होते: वाचक पिकोलाविषयी हळहळून मोकळे होतात आणि तिच्या नाशातला स्वतःचा वाटा तपासत नाहीत. लेखिकेने स्वतः पुसलेल्या वाटेने आपले वर्ग वर्षानुवर्षे चालत राहावेत, हे साहित्यशिक्षणाचे भूषण नव्हे.

आता आपल्या भाषेकडे वळू. 'रेसिझम' या संज्ञेसाठी मराठीत आपण 'वर्णद्वेष' हा शब्द रूढ केला. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षर आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण, हे मराठीच्या अध्यापकांना कोणी शिकवावयास नको. तरीही 'वर्णद्वेष' हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांसमोर अलाबामा येते, जोहान्सबर्ग येते. आपला गाव येत नाही. ज्या शब्दाच्या पोटात आपलाच समाज बसलेला आहे, तो शब्द आपण केवळ परदेशासाठी राखून ठेवला आहे. भाषा आपल्याला साक्षीला बोलावते आणि आपण प्रेक्षकांत जाऊन बसतो.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: आपला विठ्ठल सावळा आहे, राम-कृष्ण सावळे आहेत, तेव्हा रंगाचा द्वेष आपल्या संस्कृतीत नाही. देव सावळा असल्याने सून सावळी चालते असे होत नाही. वधूवर सूचक जाहिरातींनी 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' अशी जी बारीक प्रतवारी घडवली आहे, ती पाहिली तर आपल्या भाषेची शब्दसंपत्ती कुठे खर्च होते ते कळते. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाचे नाव २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झाले. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाल्यानंतर उसळलेल्या आंदोलनाच्या लाटेत ते बदलले. म्हणजे आपल्या घरातल्या डबीवरचे नाव बदलण्यासाठीही मिनियापोलिसच्या रस्त्यावर एक माणूस मरावा लागला. डबी मात्र राहिली.

परंतु येथेच थांबलो तर आम्हीही त्याच सोयीच्या वाटेला लागू. 'सगळे रंग सुंदर' असा संदेश देऊन या लघुपटाचे मराठीकरण करणे सर्वांत सोपे आहे आणि सर्वांत चुकीचेही. कारण आपल्याकडील मूळ भेद त्वचेवर वाचता येत नाही. तो आडनावात वाचला जातो. बाहुल्यांची परीक्षा आपल्या एखाद्या शाळेत घ्यावयाची तर समोर दोन बाहुल्या ठेवून भागणार नाही. हजेरीपटावरील दोन आडनावे ठेवावी लागतील आणि हुशार कोण, स्वच्छ कोण, डबा कोणाचा खाशील, असे विचारावे लागेल. मुले किती अचूक उत्तरे देतील याची कल्पना प्रत्येक शिक्षकाला आहे. म्हणूनच ती परीक्षा आपण घेत नाही आणि हार्लेमच्या मुलांवर हळहळतो.

जात आणि वंश यांची तुलनाच अशास्त्रीय आहे, असा आक्षेप येथे येईल. २००१ साली डर्बन येथील जागतिक परिषदेच्या वेळी आंद्रे बेतेय यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने तो घेतला होता आणि त्याला वजन आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे आम्हांस मान्य आहे, हे डॉ. आंबेडकरांनीही मांडले होते. पण दोन गोष्टी एक नाहीत म्हणून त्या एकमेकींच्या प्रकाशात वाचता येत नाहीत, हे कोणी ठरवले? महाराष्ट्रात हे वाचन सव्वाशेहून अधिक वर्षे चालू आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागून आहे. पुढे क्लार्क दांपत्याने आपल्या डॉक्टरेट तेथेच मिळवल्या. १९४६ साली आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला आणि संयुक्त राष्ट्रांपुढे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखडे यांनी मराठी दलित लेखकांपुढे कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे उदाहरण ठेवले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तेथून घेतले. या सर्वांनी अमेरिकेकडे पाहिले ते लढ्याची भाषा मिळवण्यासाठी. त्यांच्यापैकी कोणीही हळहळण्यासाठी पाहिले नाही.

आणि मराठी समीक्षेने या परंपरेचे काय केले? दलित आत्मकथनांवर गेल्या चार-पाच दशकांत लिहिल्या गेलेल्या परीक्षणांचा शब्दसंग्रह काढून पाहावा. 'व्यथा', 'वेदना', 'दाहक', 'विदारक', 'मन सुन्न करणारे'. हे शब्द वाचकाच्या मनाची अवस्था सांगतात. पुस्तकाविषयी ते काही सांगत नाहीत. आत्मकथनकाराने गावाच्या अर्थव्यवस्थेचे, पाणवठ्याच्या राजकारणाचे, शाळामास्तरांच्या भाषेचे जे विश्लेषण केलेले असते, ते 'अनुभव' या एका शब्दात गुंडाळले जाते. अनुभव त्यांचा, विचार आमचा, अशी ही वाटणी आहे. लघुपटाचा पहिला भाग विसरणे आणि दलित लेखकाला विचारवंत न मानणे, या दोन्हीमागची सवय एकच आहे.

२१ मुलांची संख्या फार लहान आहे, हाही आक्षेप घेतला जाईल. तो बरोबर आहे आणि म्हणूनच या लघुपटाला संख्याशास्त्र म्हणून शिकवू नये. शाळकरी मुलीने केलेला तो एक चित्रनिबंध आहे. तिने आकडा लपवला नाही, फुगवलाही नाही. उलट या आकड्यातून निघणारा एक प्रश्न आपण कधी विचारत नाही: उरलेल्या सहा मुलांचे काय? त्यांना कोणी काय सांगितले होते? कोणते पुस्तक, कोणती आजी, कोणता शिक्षक त्यांच्या वाट्याला आला होता? बळींची मोजदाद करणाऱ्याला या सहांत रस नसतो, कारण ते त्याच्या करुणेला उपयोगी पडत नाहीत. शिक्षकाला मात्र सर्वाधिक रस त्यांच्यात असावयास हवा.

आमची मागणी मोठी नाही. हा लघुपट जरूर दाखवावा. पण तो दाखवताना पहिल्या भागातील मुलींच्या विधानांवर प्रश्न विचारावेत, जसे एखाद्या समीक्षकाच्या विधानांवर विचारतो. पिकोलावर टिपण लिहून घेण्याआधी क्लॉडियावर लिहून घ्यावे. दलित आत्मकथनावरील उत्तरपत्रिकेत 'वेदना' या शब्दाला गुण देणे बंद करावे आणि लेखकाने मांडलेला एखादा विचार विद्यार्थ्याला सांगता आला तर त्याला द्यावेत. चर्चासत्राच्या शेवटी 'न्यूनगंड' हा शब्द आला, तर तो कोणाचा, हे विचारणारा एक तरी आवाज सभागृहात असावा. मुलाने दाखवलेले बोट बाहुलीच्या दिशेने असते, परंतु ते दाखवायला शिकवणारी माणसे बाहुलीच्या मागे उभी असतात. साहित्य शिकवणाऱ्यांनी पाहायचे ते तिकडे.